किल्ला, वेढा आणि ‘मी’ : स्वमग्नतेच्या पुस्तकांचे एक वाचन

माझा भाचा सहा वर्षांचा होता तेव्हा तहान लागली की तो माझ्या बहिणीसमोर येऊन उभा राही आणि विचारी, ‘तुला पाणी हवंय का?’ पाणी त्यालाच हवे असे. भूक लागली की ‘मी जेवते’ म्हणे. हे वाक्य त्याने आईच्या तोंडून ऐकले होते आणि जसे ऐकले तसे, तिच्या क्रियापदासकट, उचलले होते. पाहुणे हसत, बहीण हसत नसे. त्याच सुमारास निदान झाले : ऑटिझम, मराठीत स्वमग्नता. ती मला म्हणाली, ‘दादा, तू जन्मभर पुस्तकं वाचलीस. यावरचं एक चांगलं पुस्तक सांग मला.’ मी महाविद्यालयात इंग्रजी साहित्य शिकवत होतो, पण मला एकाही पुस्तकाचे नाव सांगता आले नाही.

आज भाचा सत्तावीस वर्षांचा आहे. मधल्या काळात या विषयावर जे वाचत आलो त्याचा हा हिशेब आहे. मी डॉक्टर नाही, त्यामुळे उपचारांची तुलना मला करता येणार नाही. साहित्याच्या वाचकाला विचारता येतील असे दोनच प्रश्न मी प्रत्येक पुस्तकाला विचारले. इथे ‘मी’ कोण म्हणते आहे? आणि ते मूल नेमके कुठे आहे, असे लेखकाला वाटते?

सुरुवात अर्थात लिओ कॅनरपासून करावी लागते. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समधल्या या बालमनोविकारतज्ज्ञाने १९४३ साली अकरा मुलांवर, आठ मुलगे आणि तीन मुली, एक दीर्घ निबंध लिहिला. ‘ऑटिझम’ हा शब्द त्याचा नव्हे. तो ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने स्किझोफ्रेनियाच्या संदर्भात आधीच वापरला होता. पण लहान मुलांमधली ही वेगळी अवस्था म्हणून तिचे चित्र रेखाटले ते कॅनरने, आणि ते आजही वाचनीय आहे, कारण त्याला ऐकण्याचा कान होता. ही मुले सर्वनामे उलट वापरतात, स्वतःला ‘तू’ म्हणतात, हे त्याने टिपले. त्याचे कारणही दिले : ऐकलेले वाक्य ती ऐकल्यासारखेच परत करतात. तो निबंध मी प्रथम वाचला तेव्हा आमच्या स्वयंपाकघरातला ‘तुला पाणी हवंय का?’ हा प्रश्न बाल्टिमोरमध्ये साठ वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवला होता, असे वाटले.

त्याहून मोलाचा आहे त्याचा १९४६ सालचा लेख. वरवर असंबद्ध वाटणारी या मुलांची वाक्ये वस्तुतः रूपकात्मक असतात, असे तो तिथे म्हणतो. त्या वाक्याचा उगम एखाद्या खऱ्या प्रसंगात असतो. तो प्रसंग ठाऊक नसला की बोलणे निरर्थक वाटते, ठाऊक झाला की लख्ख उलगडते. आमचा भाचा घाबरला की ‘गाडी सुटली’ म्हणतो. त्याचा अर्थ लागायला आम्हाला तीन वर्षे लागली. मिरज स्थानकावर एकदा आमच्या डोळ्यांदेखत गाडी सुटली होती, फलाटावर गलका झाला होता आणि तो खूप रडला होता. त्या दिवसापासून प्रत्येक भीतीचे नाव ‘गाडी सुटली’. लक्षणाशक्तीवर मी वर्गात वर्षानुवर्षे बोललो, पण तिचे इतके चोख उदाहरण मला कुठल्या काव्यसंग्रहात सापडले नव्हते.

इथे आपल्या शब्दाकडेही जरा पाहायला हवे. ‘ऑटिझम’मध्ये ग्रीक ‘स्व’ आहे आणि ‘स्वमग्न’ हे त्याचेच इमानी भाषांतर. पण मराठीत ‘मग्न’ला एक गोडी आहे. ध्यानमग्न, विचारमग्न, कामात मग्न. मग्न माणूस आपल्या सुखाने बुडालेला असतो, हाक मारली की त्याने वर यावे अशी अपेक्षा असते. कुकरच्या शिट्टीने कान दाबून जमिनीवर बसणारे मूल कशातही मग्न नसते. बाहेरचे जग त्याच्यापर्यंत पोचत नाही असे नाही, ते सोसवणार नाही इतके पोचते. शब्द रुळला आहे म्हणून मीही तो वापरतो, पण त्यात एक गृहीतक दडले आहे : मूल आत आहे आणि आपण बाहेर.

या गृहीतकाचा किल्ला झाला तो १९६७ साली. त्या एका वर्षात अमेरिकेत दोन पुस्तके निघाली आणि दोघांच्या नावांत युद्धाची प्रतिमा होती. शिकागोच्या ब्रूनो बेटलहाइमचे ‘द एम्प्टी फोर्ट्रेस’, म्हणजे रिता किल्ला, आणि क्लारा क्लेबोर्न पार्कचे ‘द सीज’, म्हणजे वेढा. बेटलहाइम डाखाउ आणि बुखेनवाल्डच्या नाझी छळछावण्यांतून सुटून आलेला. छावणीतल्या खचलेल्या कैद्यांशी त्याने या मुलांची तुलना केली. ती तुलना स्वीकारली की पहारेकऱ्याच्या जागी कोण येते, हे सांगायला नको. आई. आईबापांच्या थंडपणाला शीतकपाटाची उपमा कॅनरने १९४९ सालीच दिली होती. बेटलहाइमने तिचे जणू शास्त्र केले, आणि त्याच्या लेखनशैलीमुळे ते सुशिक्षित घरांत पोचले. त्यापूर्वीच, १९६४ साली, बर्नार्ड रिमलंड या मानसशास्त्रज्ञाने ‘इन्फंटाइल ऑटिझम’ या पुस्तकात हा दोषारोप पुराव्यानिशी खोडून काढला होता. रिमलंड स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता आणि त्याच्या पुस्तकाला प्रस्तावना खुद्द कॅनरची होती. पुढे १९६९ साली कॅनरने पालकांच्या सभेत त्यांना जाहीरपणे दोषमुक्तही केले. पण आरोप जितका दूर जातो तितका निर्दोषत्वाचा निकाल जात नाही. एकविसाव्या शतकात, आपल्याच महाराष्ट्रात, एका डॉक्टरांनी माझ्या बहिणीला पहिला प्रश्न विचारला होता : ‘तुम्ही नोकरी करता का?’ त्यांनी बेटलहाइम वाचला असेल असे मला वाटत नाही, वाचण्याची गरजही नव्हती.

पार्कबाईंचे पुस्तक हे या आरोपाला दिलेले साहित्यिक उत्तर आहे, आणि मला ते या साऱ्या कपाटातले सर्वांत चांगले पुस्तक वाटते. त्या इंग्रजीच्या अध्यापिका. चौथे अपत्य असलेल्या मुलीच्या पहिल्या आठ वर्षांची ही हकिकत. पुस्तकात मुलीचे नाव एली. जमिनीवरच्या एका ठिपक्याभोवती आपल्याच आनंदात फेऱ्या घालणारे मूल, हे सुरुवातीचे चित्र मनातून जात नाही. बाईंनी किल्ल्याची प्रतिमा नाकारली नाही, पण तो रिता आहे हे नाकारले. आत कुणीतरी आहे आणि ती मी जिंकून आणणार, असा हा प्रेमाचा वेढा आहे. पुस्तकाचे सामर्थ्य मात्र त्या प्रतिमेत नाही. ते निरीक्षणात आहे. मुलीने पेला कसा धरला, कुठला शब्द कधी आला आणि कधी गळून गेला, हे त्या न कंटाळता सांगतात. चमत्कार होत नाही, शेवटी मुलगी बरी होऊन धावत येत नाही. २००१ साली त्यांनी ‘एक्झिटिंग निर्वाणा’ लिहिले तेव्हा तीच मुलगी, आता जेसी या स्वतःच्या नावाने, महाविद्यालयाच्या टपालखोलीत नोकरी करत होती आणि घरांची भडक, काटेकोर चित्रे काढत होती. त्या पुस्तकात तिचे बोलणे खूप येते, आईचे स्पष्टीकरण मागे सरते. चौतीस वर्षांत एकाच लेखिकेने वेढा उठवला, असे मला या दोन पुस्तकांमधून दिसते.

किल्लाच मुळात नाही, असे सांगितले ते जिम सिंक्लेअर यांनी. स्वतः स्वमग्न असलेल्या सिंक्लेअर यांनी १९९३ साली टोरांटोच्या परिषदेत पालकांपुढे केलेले हे भाषण ‘डोन्ट मोर्न फॉर अस’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यांचे म्हणणे असे की स्वमग्नतेच्या भिंतीमागे दुसरे कुणी ‘नॉर्मल’ मूल लपलेले नसते. तुम्ही जे रडता ते तुम्ही मनात धरलेल्या, कधी न जन्मलेल्या मुलासाठी. ते रडून घ्या, पण तुमच्यासमोर जे आहे त्याच्यासाठी नको. माझ्या बहिणीला मी हे मराठीत समजावून सांगितले. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, ‘खरं आहे. पण हे लिहिणारे बोलतात रे. माझा बोलत नाही एवढं. त्याचं कोण लिहिणार?’

या प्रश्नाने माझे पुढचे वाचन बदलले. टेंपल ग्रँडिन यांच्या १९८६ सालच्या ‘इमर्जन्स’पासून आणि १९९५च्या ‘थिंकिंग इन पिक्चर्स’पासून स्वमग्न लेखकाचा ‘मी’ जगभर पोचला, हे मोठेच काम झाले. पण सगळे स्वमग्न आपल्यासारखेच चित्रांतून विचार करतात, हे आपले गृहीत चुकीचे होते, अशी दुरुस्ती ग्रँडिन यांनाच पुढे करावी लागली. एकाचा ‘मी’ सर्वांचा ‘आम्ही’ होत नाही. १९८८च्या ‘रेन मॅन’पासून प्रेक्षकांना एक अलौकिक बुद्धीचा स्वमग्न हवासा वाटू लागला. आमच्या नातेवाइकांनाही तो हवा असतो. ‘याला कशात गती आहे?’ असे ते विचारतात. त्याला कपड्यांच्या घड्या घालायला आवडतात, एवढेच आम्ही सांगतो.

गुणांवरून माणसाची किंमत ठरवणे किती घातक, हे एका पुस्तकाच्या नशिबाने दाखवले. स्टीव्ह सिल्बरमन यांचे २०१५ सालचे ‘न्यूरोट्राइब्स’ हा या विषयाचा सर्वांत वाचनीय इतिहास. त्यात व्हिएन्नाचे हान्स आस्पर्गर हे नाझी राजवटीत मुलांची बाजू घेणारे डॉक्टर म्हणून दिसतात. २०१८ साली हेर्विग चेक यांनी जुनी कागदपत्रे उघडली, एडिथ शेफर यांचे पुस्तकही आले, आणि दिसले ते असे : आस्पर्गरांनी काही मुलांना ‘आम श्पीगलग्रुंड’ या संस्थेत पाठवण्याची शिफारस केली होती. त्या संस्थेत मुले मारली जात. उपयोगी मुलांची बाजू घेणाऱ्याने निरुपयोगी ठरलेल्यांचे काय केले, हा प्रश्न त्यानंतर टाळता येत नाही. माझ्या भाच्याला कुठल्या रांगेत उभे केले असते, हा विचार मनात आल्यावर ‘न्यूरोट्राइब्स’ची ती प्रकरणे मला पूर्वीसारखी वाचता आली नाहीत.

फार न बोलणाऱ्यांच्या ‘मी’कडे येताना आपल्याच देशातल्या तितो राजर्षी मुखोपाध्याय यांचे नाव घ्यावे लागते. आई सोमा यांनी त्यांना अक्षरफलकावरून लिहायला शिकवले. ‘बियाँड द सायलेन्स’ हे त्यांचे पुस्तक २००० साली ब्रिटनमध्ये निघाले. जपानच्या नाओकी हिगाशिदा यांचे ‘द रीझन आय जंप’ डेव्हिड मिचेल या कादंबरीकाराच्या भाषांतरामुळे २०१३ साली घरोघर गेले. ही पुस्तके वाचताना गळा दाटतो, आणि नेमके तिथेच सावध व्हायला हवे. मदतनिसाने हात धरून टंकन करवण्याच्या पद्धतीची १९९०च्या दशकात चाचणी झाली तेव्हा मजकूर नकळत मदतनिसाचाच येत होता, असे दिसले. सोमा यांच्या पद्धतीनेही मजकूर खात्रीने मुलाचाच येतो याला पुरावा नाही, म्हणून ती वापरू नये, असे अमेरिकेतल्या वाचा-उपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली जाहीर केले. तितो यांच्या लेखनाला मी खोटे म्हणत नाही. त्यांची प्रतिमासृष्टी तिरकी आहे, कुणाच्या सोयीची नाही. हिगाशिदांच्या पुस्तकातली उत्तरे मात्र मला आईबापांना ऐकायला हवी तशी वाटतात, आणि मिचेल स्वतः स्वमग्न मुलाचे वडील आहेत. दुसऱ्याच्या तोंडी ‘मी’ घालणे हेही सर्वनामांची उलटापालटच आहे, फक्त ती आपण करतो.

मग रोजच्या जगण्यासाठी काय वाचावे? बहिणीला उपयोगी पडले ते बॅरी प्रिझंट यांचे ‘युनिकली ह्यूमन’ (२०१५). ऐकलेली वाक्ये परत म्हणणे हा दोष नसून संवादाचाच एक प्रकार आहे, हे ते १९८०च्या दशकाच्या आरंभापासून सांगत आले. मराठीत अच्युत गोडबोले यांनी ‘मुसाफिर’ या आत्मकथनात आपल्या स्वमग्न मुलाविषयी लिहिले, त्यामुळे हा विषय निदान आपल्या दिवाणखान्यात आला. आपल्याकडच्या बहुतेक घरांत मात्र या विषयावरचा पहिला मजकूर हातात पडतो तो पुस्तकाचा नसतो. तो ‘इसा’ या भारतीय मूल्यमापन श्रेणीचा तक्ता असतो. चाळीस विधाने, प्रत्येकाला एक ते पाच गुण, आणि बेरीज सत्तर झाली की स्वमग्नता. सरकारी दाखल्यासाठी तो लागतोच, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चाळिसांत निरर्थक शब्द वापरतो का, असे एक विधान आहे आणि सर्वनामे उलटी वापरतो का, असे दुसरे. ‘गाडी सुटली’ला तिथे गुण मिळतात, अर्थ मिळत नाही.

दुसरा मजकूर कायद्याचा. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात स्वमग्नता होती, १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात नव्हती. २०१६च्या कायद्याने एकवीस प्रकारांत तिला जागा दिली. मूल अठरा वर्षांचे झाले की आईबाप आपोआप पालक राहत नाहीत, जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो, ही गोष्ट बहिणीला तो एकोणीस वर्षांचा झाल्यावर कळली. तिच्या मनातला खरा प्रश्न त्या अर्जाच्याही पुढचा आहे : ‘माझ्यामागं याचं कोण?’ मी वाचलेल्या एकाही पुस्तकात त्याचे पुरे उत्तर नाही. जेसीची कहाणी त्याच्या सर्वांत जवळ जाते.

डेमियन मिल्टन या स्वमग्न समाजशास्त्रज्ञाने २०१२ साली मांडले की न समजणे दोन्ही बाजूंनी असते. त्यांना आपण कळत नाही, तितकेच ते आपल्याला कळत नाहीत. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत, इंग्रजीला एकावर भागवावे लागते. स्वमग्नतेचे साहित्य ‘तो’कडून ‘मी’कडे आले, ‘मी’कडून ‘आम्ही’कडे आले. ‘आपण’ अजून लिहायचे आहे.

बहिणीने एक शंभर पानी वही केली आहे. डावीकडे त्याचे वाक्य, उजवीकडे ते पहिल्यांदा कुठे, केव्हा ऐकले असेल ते. ‘गाडी सुटली’ तिसऱ्या पानावर आहे. उजवीकडच्या काही ओळी अजून कोऱ्या आहेत. ‘माझ्यामागं कोणाला लागली तर,’ म्हणून तिने तिची झेरॉक्स काढून माझ्याकडे ठेवली आहे.

गेल्या रविवारी भाचा माझ्या खोलीत आला आणि म्हणाला, ‘मामा, तुला चहा हवाय का?’ तो कुणाबद्दल विचारत होता हे मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. मी दोन कप केला.