दुनळीचें लक्षण

बर्मिंगहॅमचा बंदूककार डब्ल्यू. डब्ल्यू. ग्रीनर याचा बंदूक व तिचा विकास या विषयावरील इंग्रजी ग्रंथ १८८१ सालीं प्रथम निघाला. १९१० सालीं त्याची नववी आवृत्ति झाली. ग्रंथकार स्वतः कारागीर असल्यामुळें कळांच्या वर्णनांत त्याचा अधिकार मोठा आहे, हें आम्ही आरंभींच सांगतों. परंतु तो आपल्या कारखान्याच्या बंदुका विकणाराहि होता. म्हणून समकालीन बंदूककारांविषयींचीं त्याचीं मतें साक्षीदाराचीं न मानतां पक्षकाराचीं मानून तपासावीं.

दुसरा विचार 'विकास' या शब्दाचा. त्यामुळें वाचकाची अशी समजूत होते कीं, आधीं एक नळी, मग शेजारीं शेजारीं दोन नळ्या व दोन चाप, नंतर एकीवर एक नळी, आणि शेवटीं दोन्ही नळ्यांस मिळून एकच चाप, असा सरळ क्रम लागला. मग 'दोन चाप असती ती दुनळी' असें लक्षण ठरतें, आणि दुनळीस एकच चाप दिसला कीं ती अर्वाचीन किंवा मागाहून फेरफार केलेली म्हणून बाजूस पडते. या लक्षणावर अव्याप्ति व अतिव्याप्ति हे दोन्ही दोष येतात.

अव्याप्ति अशी: सतराव्या शतकांतील जर्मन 'वेंडर' बंदुकींत नळ्या एकीवर एक असत, प्रत्येकीस रंजकाचा वेगळा कान असे, पण घोडा एक व चापहि एकच. वरची नळी उडाली म्हणजे खिट्टी सोडून जोडनळी हातानें फिरवावी व खालची वर आणावी. अतिव्याप्ति अशी: कित्येक जर्मन शिकारी रायफलींस नळी एक, परंतु चाप दोन, एक ओढून कळ ताणावयाची व दुसऱ्यास नुसता स्पर्श करून बार काढावयाचा.

मग १८९४ सालीं लंडनच्या बॉस कंपनीच्या जॉन रॉबर्टसन यानें ज्या एकचापी कळेचें पेटंट घेतलें, तिचें नावीन्य कशांत? पहिल्या बाराच्या धक्क्यानें बंदूक मागें येते व बोट चापावरून सुटतें. खांद्यावर आदळून ती पुढें जातांच तेंच बोट नकळत चाप पुन्हा ओढतें. साध्या कळेंत त्यामुळें दोन्ही बार लागोपाठ उडत. रॉबर्टसननें ही मधली नकळत ओढ जिरविण्यासाठीं कळेंत तिसरा टप्पा घातला. पोथी नकलणाराच्या हातून एकच अक्षर नकळत दोनदां उतरतें, तसाच हा प्रकार. नावीन्य चापांच्या संख्येंत नसून हा अनैच्छिक दाब ओळखण्यांत आहे.

म्हणून बाहेरून चाप मोजून काळ ठरवूं नये. कळ उघडून पाहावी. चापाच्या पट्टींत बुजविलेली खांच आहे काय तें तपासावें, कारण जुन्या दोनचापी बंदुका मागाहून एकचापी करून घेतल्याचीं उदाहरणें आहेत. संग्रहाच्या यादींत नळ्यांची संख्या, त्यांची मांडणी, चापांची संख्या व कोणत्या चापानें कोणती नळी उडते, हीं चार कलमें निरनिराळीं नोंदावीं, आणि बंदुकीचा काळ त्यानंतर लिहावा, अशी आमची संग्राहकांस सूचना आहे.