कुडें येथील वैद्याचें लेणें व जीवशास्त्राचा दावा

मनुष्याच्या विचार-वासनांची संपूर्ण उपपत्ति जीवशास्त्रानें लागते, असें मत हल्लीं कांहीं विद्वान् मांडतात व आधारास रिचर्ड डॉकिन्स यांचा 'द सेल्फिश जीन' (१९७६) हा ग्रंथ दाखवितात. तळ्याजवळील कुडें येथील लेण्यांतल्या एका ब्राह्मी लेखावर आम्ही हें मत पारखून पाहतों. बर्जेस व भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं हे लेख छापले आहेत.

लेखाचा दाता वैद्य सोमदेव. त्याचा पिता उपासक इसिरखित हाही वैद्यच. सोमदेवाचे पुत्र नाग, इसिरखित व सिवघोस यांचीं आणि कन्यांचींही नांवें लेखांत आहेत.

अपत्यांविषयींची माया, कुलाच्या कीर्तीची हांव, यांचें मूळ देहांत आहे हें आम्हांस मान्य आहे. परंतु लेणें झालें तें संततीच्या उपयोगाचें नव्हे, ब्रह्मचारी भिक्षूंच्या संघाच्या. कीर्तीसाठीं दान केलें म्हणावें, तर डोंगर कोरून दिल्यानें कीर्ति मिळते हा संकेत कोठला? आजोबांचें रक्त तिन्ही नातवांत आलें. नांव मात्र एकासच मिळालें. ही निवड कुलाचाराची आहे, बीजाची नव्हे.

खुद्द ग्रंथकारांनींही शेवटीं कल्पनांच्या प्रसारास जीनांहून निराळें स्थान दिलें आहे, व मनुष्य जीनांविरुद्ध बंड करूं शकतो असें म्हटलें आहे. तेव्हां 'संपूर्ण' हें विशेषण अनुयायांनीं पदरचें घातलेलें दिसतें. तें गाळल्यास आमचा वाद उरत नाहीं.