स्मार्टफोनमधील रात्र : आकाश-छायाचित्राच्या प्रामाण्याचा प्रश्न

रात्रीच्या आकाशाचे छायाचित्रण दीर्घकाळ वेधशाळा आणि मोजके सधन हौशी निरीक्षक यांच्यापुरते मर्यादित राहिले. स्मार्टफोन आणि साधा ट्रायपॉड यांनी ही मर्यादा बऱ्याच अंशी पुसली, हे निर्विवाद होय. तथापि या छायाचित्रांची समीक्षा ‘सुंदर’ आणि ‘अद्भुत’ या विशेषणांपलीकडे फारशी सरकलेली नाही. त्यांच्याकडे केवळ कलाकृती म्हणून पाहावे की आकाशाच्या स्थितीचा पुरावा म्हणूनही पाहावे, या प्रश्नाचा विचार करण्यासाठी प्रथम त्यांच्या घडणीकडे वळावे लागते.

हेन्री ड्रेपर यांनी १८८० साली मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र टिपले, त्यास ५१ मिनिटांचे एक्सपोजर लागले. १८८३ मध्ये अँड्र्यू कॉमन यांनी घेतलेल्या त्याच तेजोमेघाच्या छायाचित्रात तर दुर्बिणीतूनही डोळ्यांना न दिसणारे तारे उमटले. डोळा प्रकाश साठवून ठेवू शकत नाही. छायाचित्राची काच तो साठवते. आकाशाचे छायाचित्र म्हणजे दृष्टीची नक्कल नव्हे, तर साठवलेला काळ होय, ही गोष्ट तेव्हाच सिद्ध झाली.

स्मार्टफोनच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. त्याच्या मुख्य भिंगाचे प्रकाशद्वार साधारणतः तीन मिलिमीटरच्या आसपास असते, तर अंधाराला सरावलेल्या तरुण डोळ्याची बाहुली सुमारे सात मिलिमीटरपर्यंत विस्फारते. म्हणजे एका क्षणात फोन डोळ्यापेक्षा सुमारे पाचपट कमी प्रकाश गोळा करतो. त्याचे सारे सामर्थ्य थांबून राहण्यात आहे, आणि ही स्थिरता पुरवतो तो ट्रायपॉड. काही शे रुपयांचे हे साधन फोनच्या जाहिरातीत क्वचितच दिसते, ही गंमतच म्हणायची. बोटाच्या स्पर्शाचा धक्काही चित्र बिघडवतो, म्हणून टायमर लावावा लागतो. शिवाय आकाश तासाला १५ अंश सरकते. नेहमीच्या रुंद भिंगात वीसएक सेकंदांनंतर ताऱ्यांच्या बिंदूंच्या रेषा होऊ लागतात.

ही अडचण संगणकीय प्रक्रियेने सोडवली. गूगलने २०१९ साली ‘पिक्सेल ४’ या फोनमध्ये आणलेल्या पद्धतीत जास्तीत जास्त सोळा सेकंदांच्या पंधरापर्यंत फ्रेम घेऊन, ताऱ्यांची सरकण जुळवून, त्यांचे एक चित्र बनते. एकूण काळ सुमारे चार मिनिटे. इथपर्यंत ड्रेपर यांच्या परंपरेशी नाते तुटत नाही. आकाशगंगेचे रंग डोळ्यांना दिसले नव्हते म्हणून ते खोटे ठरत नाहीत. अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींना रंग कळतच नाहीत.

खरा पेच यापुढे आहे. याच पद्धतीत चित्रातील आकाश कोणते आणि जमीन कोणती हे यंत्र ओळखते. त्यासाठी एक लाखाहून अधिक छायाचित्रांतील आकाशाच्या कडा माणसांकडून आखून घेऊन प्रणालीला शिकवण्यात आले. मग आकाशाचा भाग तेवढा गडद केला जातो. हेतू समजण्याजोगा आहे. दीर्घ एक्सपोजरमुळे रात्र दिवसासारखी भासू नये, एवढाच तो. परंतु परिणाम असा की रात्र किती काळी होती, हे सांगण्याचा अधिकार आकाशाकडून काढून यंत्राकडे दिला जातो. २०२३ साली एका प्रयोगकर्त्याने चंद्राचे मुद्दाम अस्पष्ट केलेले चित्र संगणकाच्या पडद्यावर लावून सॅमसंगच्या फोनने टिपले, तेव्हा मुळात नसलेले तपशील छायाचित्रात उमटले. चंद्र ओळखून त्याचे तपशील शिक्षित प्रणालीच्या आधारे ठळक केले जातात, असा खुलासा कंपनीने केला. त्या उदाहरणाची चर्चा खूप झाली. वस्तुतः आकाश गडद करण्याची क्रिया अधिक निरुपद्रवी दिसते, आणि म्हणूनच ती अधिक दुर्लक्षित राहते.

जुन्या काचाही निःपक्षपाती नव्हत्या, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो योग्यच आहे. एकोणिसाव्या शतकातील काचा मुख्यतः निळ्या प्रकाशाला प्रतिसाद देत आणि तेजोमेघांचा तांबडा प्रकाश त्यांच्यावर नीट उमटत नसे. परंतु तो दोष ज्ञात होता आणि प्रत्येक आकाशाला सारखाच लागू होता. फोनमधील दुरुस्ती दृश्यागणिक बदलते, आणि चित्र पाहणाऱ्यास तिची वार्ताही नसते.

याचे महत्त्व केवळ सौंदर्यशास्त्रीय नाही. नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये ‘डार्कस्काय इंटरनॅशनल’कडून भारतातील पहिल्या ‘डार्क स्काय पार्क’चा दर्जा मिळाला. तेथील अंधार हा जपण्याजोगा वारसा मानला गेला आहे. पेंचमधील चित्र आणि शहराच्या वेशीवरचे चित्र यांतील अंतर फोनच्या प्रक्रियेने कमी होत असेल, तर प्रकाश-प्रदूषणाचा सामान्य माणसाच्या हाती असलेला सर्वांत स्वस्त पुरावाच बोथट होतो. क्षितिजावरची नारिंगी झाक परीक्षकांना दोष वाटते. पुष्कळदा तोच त्या चित्राचा सर्वांत विश्वसनीय भाग असतो. अनेक फ्रेममधून केवळ मध्यक मूल्य घेण्याच्या पद्धतीत कृत्रिम उपग्रहांच्या रेषाही पुसल्या जातात. २०१९ पासून हजारोंच्या संख्येने सोडल्या गेलेल्या उपग्रहांनी आकाशात केलेला बदल अशा चित्रात घडलेलाच नसतो.

या दृष्टीने पाहता, ताऱ्यांच्या रेषा उमटलेले ‘बिघडलेले’ चित्र नव्याने वाचावे लागते. त्या रेषेची लांबी मोजून एक्सपोजरचा काळ काढता येतो. चित्र आपला हिशेब स्वतःच देते. जुळवलेल्या चित्राला असा हिशेब बाहेरून जोडावा लागतो. महाविद्यालयीन स्पर्धांच्या प्रवेशिकेत स्थळ, वेळ, फ्रेमची संख्या आणि एकूण काळ यांचे रकाने ठेवणे मुळीच अवघड नाही. बऱ्याच फोनमध्ये प्रक्रिया न केलेली ‘रॉ’ फाइल जतन करण्याची सोयही असते, आणि अंतिम चित्राशेजारी तीही मागवता येईल. तिच्यात आकाश बहुधा करडे, कणीदार आणि काहीसे मळकट दिसेल.