सर्वांसाठीचा अभ्यासक्रम कोणी सांभाळायचा?

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयातील पर्यावरण अभ्यासाच्या प्रकल्पवह्या तपासण्याचे काम माझ्याकडे आले होते. वह्या शंभराहून अधिक होत्या. त्यांपैकी निम्म्याहून जास्त वह्यांत एकाच ओढ्याची पाहणी होती आणि पाण्याचे तापमान सर्वांनी २६ अंश नोंदवले होते. ऑगस्टात भेट दिलेल्यांनी २६ आणि जानेवारीत भेट दिलेल्यांनीही २६! कोणी कोणाची वही उतरवली याची चौकशी मी केली नाही. हा विषय येथे कोण शिकवतो, एवढेच विचारले. उत्तर मिळाले, "ज्याच्याकडे तास कमी असतील तो."

पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने, त्याचा मुख्य विषय कोणताही असो, जे शिकावे अशी विद्यापीठाची अपेक्षा असते, त्याला सामान्य शिक्षण म्हणतात. रसायनशास्त्राच्या अभ्यासक्रमाची काळजी रसायनशास्त्राचा विभाग घेतो. सर्वांसाठी असलेल्या अभ्यासक्रमाची काळजी कोणता विभाग घेणार? या प्रश्नाशी एका विद्यापीठातील अध्यापक पाऊणशेहून अधिक वर्षे झगडत आले आहेत. ते विद्यापीठ म्हणजे अमेरिकेतील हार्वर्ड. त्यांचा १९४५ चा अहवाल अलीकडे मी पुन्हा वाचला.

हार्वर्डचे तेव्हाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट हे रसायनतज्ज्ञ होते. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४३ मध्ये, त्यांनी अध्यापकांची एक समिती नेमली. इतिहासकार पॉल बक हे तिचे प्रमुख होते आणि जीवशास्त्रज्ञ जॉर्ज वाल्ड हे एक सभासद. समितीचा अहवाल पुस्तकरूपाने निघाला आणि मुखपृष्ठाच्या रंगामुळे 'लाल पुस्तक' या नावाने ओळखला जाऊ लागला. पदवीसाठी लागणाऱ्या सोळा अभ्यासक्रमांपैकी सहा सामान्य शिक्षणाचे असावेत आणि त्यांत मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रे व विज्ञान यांचा प्रत्येकी किमान एक असावा, अशी त्याची शिफारस होती.

अहवालात पाश्चात्त्य परंपरा हीच जणू सगळ्या मानवजातीची परंपरा असे गृहीत धरलेले जाणवते. तो दोष मान्य करूनही विज्ञानाविषयीचा भाग आजच्या शिक्षकाने वाचावा असाच आहे. जो पुढे वैज्ञानिक होणार नाही त्याला भावी वैज्ञानिकाच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम पातळ करून पाजू नये, त्याला विज्ञान विचार कसा करते आणि ते कसे घडत गेले हे दाखवावे, असे समितीचे म्हणणे होते.

कॉनंट यांनी हे केवळ दुसऱ्यांना सांगितले नाही. विद्यापीठाचा कारभार सांभाळत असतानाच त्यांनी असा एक अभ्यासक्रम स्वतः शिकवायला घेतला. विज्ञानाच्या इतिहासातील एखादा प्रसंग घ्यायचा आणि तो तपशिलात शिरून पाहायचा, ही त्यांची पद्धत. बॉइलचा हवेचा पंप, फ्लॉजिस्टन सिद्धांताचा पाडाव, किण्वनावरील पाश्चरचे प्रयोग असे एकेक प्रकरण. फ्लॉजिस्टनचे उदाहरण पाहा. धातू जाळला की त्याचे वजन वाढते हे त्या सिद्धांताच्या समर्थकांना ठाऊक होते. तरीही शहाणीसुरती माणसे तो सिद्धांत का धरून बसली? या प्रश्नात जो विद्यार्थी शिरला, त्याला पुरावा आणि कल्पना यांचे नाते कळू लागते. ऑक्सिजनचे गुणधर्म पाठ करून ते कळत नाही.

हे काम शिकवणाऱ्यालाही बदलून टाकणारे होते. थॉमस कून हे तेव्हा भौतिकीत डॉक्टरेट करत होते. या अभ्यासक्रमाच्या तयारीसाठी त्यांना १९४७ मध्ये ॲरिस्टॉटलची गतीविषयक मते वाचावी लागली. एवढा मोठा विचारवंत इतके चुकीचे कसे लिहू शकतो, या कोड्याने त्यांना विज्ञानाच्या इतिहासाकडे वळवले. १९६२ मध्ये आलेले वैज्ञानिक क्रांत्यांविषयीचे आपले प्रसिद्ध पुस्तक त्यांनी कॉनंट यांनाच अर्पण केले आहे.

पण कॉनंट १९५३ मध्ये हार्वर्ड सोडून गेले, कूनही १९५६ मध्ये बर्कलेला गेले. लाल पुस्तकावरचा माझा मुख्य आक्षेप येथे येतो. देखरेखीचा विचार त्यात नव्हता असे नाही, अध्यापकांची एक स्थायी समिती असावी असे त्यांनी सुचवलेच होते. परंतु या समितीचे स्वतःचे शिक्षक नव्हते. शिक्षक विभागांचे, त्यांची नेमणूक विभागाची, बढती विभागाच्या हाती, नाव व्हायचे ते आपल्या विषयातील संशोधनामुळे. समितीला एखादा अभ्यासक्रम नाकारता येई. चांगला अभ्यासक्रम शिकवायला माणूस आणायचा, तर मात्र विभागाच्या दारात जावे लागे. वाल्ड यांच्यासारखा माणूस १९६० पासून स्वखुशीने सर्वांसाठी जीवशास्त्र शिकवतो, हे त्या विद्यापीठाचे भाग्य. भाग्यावर अभ्यासक्रम चालत नाहीत.

पुढची कथा थोडक्यात सांगतो. मूळ योजना विस्कळीत झाल्यावर १९७८ मध्ये अध्यापकसभेने १८२ विरुद्ध ६५ मतांनी नवी चौकट स्वीकारली. तिच्यात मुद्दाम तयार केलेले अभ्यासक्रमच चालत. दार घट्ट झाले, पण निवड फार अपुरी अशी तक्रार सुरू झाली. २००७ मध्ये आणखी एक योजना मंजूर झाली, दार सैल झाले आणि विभागांचे नेहमीचे कित्येक अभ्यासक्रम आत आले. २०१५ मध्ये अध्यापकांच्याच समितीने तिची तपासणी केली. नाव सामान्य शिक्षणाचे असले तरी प्रत्यक्षात विद्यार्थी प्रत्येक गटातून एकेक विषय उचलून मोकळे होतात, असा तिचा निष्कर्ष होता. २०१६ मध्ये पुन्हा मतदान होऊन सध्याची योजना ठरली व २०१९ पासून ती अमलात आली.

इतक्या वेळा मोडून पुन्हा बांधलेल्या योजनेला अपयशी म्हणण्याचा मोह होतो. मला तसे वाटत नाही. बिघाड झाला आहे हे प्रत्येक वेळी शिकवणाऱ्यांनी स्वतः पाहिले, लिहून काढले आणि आपल्याच सभेत मांडले.

आपल्याकडचा पर्यावरण अभ्यास सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातून आला. पहिला आदेश १९९१ चा. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला आणि त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरच भरुचा यांनी लिहिले. मूळ आराखडा वाचला तर तो चांगला आहे. पन्नासपैकी पाच तास प्रत्यक्ष क्षेत्रभेटीसाठी आणि शंभरपैकी पंचवीस गुण त्या कामाला. नदी, टेकडी, गवताळ रान, जवळची प्रदूषित जागा हे सगळे विद्यार्थ्याने स्वतः जाऊन पाहायचे होते. न्यायालयाने सक्ती केली, आयोगाने आराखडा दिला, पण या विषयाचा तास नीट होतो की नाही हे पाहणारा शिक्षकांचा गट बहुतेक ठिकाणी तयारच झाला नाही.

आता २०२० च्या शैक्षणिक धोरणानंतर, आयोगाच्या डिसेंबर २०२२ च्या चौकटीनुसार, सर्वांसाठीचे असे विषय वाढले आहेत. बहुविद्याशाखीय विषयांना नऊ श्रेयांक, मूल्यवर्धित विषयांना सहा ते आठ. ही मोठी जागा आहे. कॉनंट यांच्या पद्धतीचा विज्ञानाचा अभ्यासक्रम तिच्यात सहज बसेल. पण अभ्यास मंडळे विषयवार असतात आणि हे विषय ज्याला त्याला उरलेले वाटतात. महाविद्यालयातल्या चार-पाच वेगवेगळ्या विभागांच्या शिक्षकांनी एकत्र बसून या विषयांची जबाबदारी घेतली, एकमेकांच्या तासाला वर्षातून दोनदा जाऊन बसले आणि वर्षाअखेरीस वह्यांचा एक गठ्ठा मिळून वाचला, तर त्याला कोणाची परवानगी लागत नाही. शाळेतही प्रकल्पवह्यांच्या बाबतीत हे करता येईल. त्या महाविद्यालयात मी एवढेच सुचवले होते. भौतिकीच्या एका प्राध्यापकांनी पहिल्याच बैठकीत विचारले, "तापमापक कोणाकडे होता?" तो भौतिकीच्या प्रयोगशाळेत होता, आणि तिथून कोणी नेलाच नव्हता.