मुकुटाआधीचा चेहरा : नूतन यांच्या अभिनयाचा पुनर्विचार

नूतन यांच्याविषयीच्या लेखनात एक विधान सहसा चुकत नाही : सौंदर्यस्पर्धा जिंकलेली ही तरुणी पुढे अभिनेत्री झाली. कालक्रम तपासला असता हे विधान टिकत नाही. आई शोभना समर्थ यांनी दिग्दर्शित केलेला ‘हमारी बेटी’ १९५० साली प्रदर्शित झाला, तेव्हा नूतन यांचे वय जेमतेम चौदा वर्षांचे होते. ‘मिस इंडिया’ हा किताब त्यांच्याकडे आला तो त्यानंतर. १९४७ साली हाच किताब मिळवणाऱ्या प्रमिला (एस्थर अब्राहम) यादेखील तेव्हा प्रस्थापित अभिनेत्री होत्या. म्हणजे त्या काळी पडद्यावरचा चेहरा मुकुटाकडे जात होता. आधी मुकुट, मग चित्रपट हा क्रम झीनत अमान यांच्या पिढीपासून, १९७० नंतर रूढ झाला आणि समीक्षेने तो नकळत मागच्या पिढीवर लादला.

हा केवळ सनावळीचा प्रश्न नाही. किताब आधी मानला की सौंदर्य हे मूळ भांडवल ठरते आणि अभिनय त्यावरचे व्याज. नूतन यांच्या अभिनयाला ‘सहज’, ‘नैसर्गिक’ ही विशेषणे इतक्या सहजपणे का लावली गेली, याचे एक कारण येथे सापडते. जे निसर्गाने दिले त्यासाठी कोणी कष्ट घेतले असे मानण्याची गरज उरत नाही. दिलीपकुमार यांच्या बाबतीत समीक्षक अभ्यासाची भाषा वापरतात. नूतन यांच्या बाबतीत देणगीची.

या कारकिर्दीचा आरंभ मुंबईच्या गिरणगावाच्या सीमेवरचा आहे, हेही सहसा लक्षात घेतले जात नाही. १९५१ सालचा, झिया सरहदी दिग्दर्शित ‘हम लोग’ हा रणजित मूव्हीटोनचा चित्रपट. चंदुलाल शहा यांचा रणजित स्टुडिओ दादर पूर्वेला होता. तेथून नायगावच्या बी.डी.डी. चाळी पायी जाण्याच्या अंतरावर. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकात उभ्या राहिलेल्या त्या ४२ इमारतींत गिरणी कामगार आणि दलित कुटुंबे एकेका खोलीत राहत होती. ‘हम लोग’चा विषय निम्न मध्यमवर्गीय घराची ओढाताण हा आहे. पुढे किताब मिळवणारी ही मुलगी त्यात बलराज साहनींसमोर उभी राहते. त्याच वर्षीचा ‘नगीना’ प्रौढांसाठीच्या प्रमाणपत्रासह आला आणि नायिका स्वतःच तो पाहण्याच्या वयाची नव्हती. पुढे काही काळ स्वित्झर्लंडमध्ये शिक्षण, परत येणे, आणि १९५५ चा ‘सीमा’. सुधारगृहातील गौरीचा संताप त्यांनी संपूर्ण शरीराने खेळला आहे. शोभना समर्थ ‘रामराज्य’मधील (१९४३) सीतेमुळे घराघरात पूजनीय झाल्या होत्या, कन्येने मात्र आपल्या पहिल्या मोठ्या भूमिकेत तोडफोड केली.

तथापि खरी कसोटी ‘सुजाता’ची (१९५९). सुबोध घोष यांच्या कथेवरील बिमल रॉय यांच्या या चित्रपटाला अस्पृश्यतेवरील संवेदनशील चित्रपट म्हणून अभ्यासक्रमांतून मान दिला जातो. तो सर्वस्वी अयोग्य नाही. पण नायगावच्या चाळींतून पाहिले तर चित्र वेगळे दिसते. १९५६ च्या नागपूरच्या धर्मांतरानंतर अवघ्या तीन वर्षांनी हा चित्रपट आला. ज्या वस्तीने नवा धर्म, नवी ओळख आणि माणूसपणाचा हक्क स्वीकारला होता, तिच्यापुढे एक अस्पृश्य मुलगी ब्राह्मण घरात मान खाली घालून वावरत होती. चित्रपटात टागोरांच्या ‘चंडालिके’चा प्रयोग होतो, म्हणजे बुद्धशिष्य आनंदाची गोष्ट येते, परंतु सुजाताला आधार देताना पटकथा गांधीजींकडे वळते. आणि शेवटी पालक आईला वाचवण्यासाठी तिला रक्त द्यावे लागते. रक्त सारखेच असल्याचा पुरावा तिनेच का द्यावा, हा प्रश्न चित्रपट विचारत नाही. सहानुभूतीची ही मर्यादा स्पष्टपणे नोंदवली पाहिजे.

मात्र पटकथेची मर्यादा ही अभिनयाची मर्यादा मानता येत नाही. या घरात सुजाताची ओळख ‘मुलगी’ अशी नव्हे, तर ‘मुलीसारखी’ अशी करून दिली जाते. (हे सांगणाऱ्या आईच्या भूमिकेत सुलोचना, बहीण रमा म्हणजे शशिकला, सनातनी वृद्धा ललिता पवार : बंगाली दिग्दर्शकाच्या या हिंदी चित्रपटातील जातव्यवस्थेचे घर मराठी अभिनेत्रींनीच उभे केले आहे. याकडे मराठी समीक्षेने फारसे पाहिलेले नाही.) ‘सारखी’ हा शब्द कानी पडतो तेव्हा नूतन रडत नाहीत, दचकतही नाहीत. हातातले काम क्षणभर थांबते आणि पुन्हा सुरू होते. अपमान नवा नाही, रोजचा आहे, हे त्या थांबण्यातून कळते. दूरध्वनीवरून तलत महमूद यांच्या आवाजातील गाणे ऐकण्याच्या प्रसंगात त्यांना एकही संवाद नाही. प्रेमाचा आनंद आणि त्याला आपण पात्र नसल्याची शिकवण यांचा झगडा केवळ ऐकणाऱ्या चेहऱ्यावर चालतो. पटकथेने सुजाताला सोशिक केले. नूतन यांनी त्या सोशिकपणाची किंमत दाखवली. याला ‘सहज’ म्हणणे हा निष्काळजीपणा आहे.

‘बंदिनी’ (१९६३) हे त्यापुढचे पाऊल. जरासंधांच्या ‘तामसी’वर आधारलेल्या या चित्रपटातील कल्याणी आपल्या प्रियकराच्या पत्नीला विष देते. त्या प्रसंगी बाहेरून लोखंडावरील घणांचे आवाज येत राहतात आणि ठिणग्यांचा प्रकाश तिच्या मुद्रेवर उमटून विझतो. कमल बोस यांचे छायाचित्रण येथे सौंदर्य खुलवत नाही, ते विद्रूप करू पाहते, आणि माजी ‘मिस इंडिया’ त्याला पूर्ण मुभा देते. हिंदी चित्रपटाच्या नायिकेला खून करण्याची आणि तरीही नायिका राहण्याची संधी क्वचितच मिळाली आहे. शेवटी तरुण डॉक्टरला सोडून आजारी बिकाशकडे तिचे धावणे स्त्रीवादी वाचनाला खटकते, आणि ते रास्तच आहे. पण त्या धावण्यात त्यागाचा आव नाही, हेही मान्य करावे लागते.

पुढच्या ‘मिलन’ आणि ‘मैं तुलसी तेरे आँगन की’ या चित्रपटांनी त्यांच्या सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या फिल्मफेअर पुरस्कारांची संख्या पाचवर नेली. त्यांची भाची काजोल हिने २०११ साली ती गाठली. १९७४ मध्ये पद्मश्री मिळाली, २१ फेब्रुवारी १९९१ रोजी निधन झाले. पुरस्कारांच्या या यादीत १९७३ चा ‘सौदागर’ येत नाही, आणि येथील मुद्द्यासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे.

नरेंद्रनाथ मित्र यांच्या ‘रस’ या कथेवरील या चित्रपटात नूतन यांची महजुबी ही विधवा खजुराच्या रसाचा उत्तम गूळ बनवते. मोती (अमिताभ बच्चन) तिच्याशी लग्न करतो ते तिच्या हातांसाठी. गुळाच्या विक्रीतून तरुण, देखण्या फूलबानोच्या मेहेरची रक्कम जमली की तो महजुबीला तलाक देतो. रूपासाठी टाकून दिलेल्या या स्त्रीची भूमिका एकेकाळच्या सौंदर्यसम्राज्ञीने केली आहे. चुलीपुढे बसून रस ढवळताना त्यांची नजर कढईवरून हलत नाही. कॅमेरा चेहऱ्यावर असला तरी प्रेक्षकाचे लक्ष हातांकडे जाते. फूलबानोला गूळ जमत नाही, बाजारात मोतीची पत जाते आणि अखेरीस तो रसाची मडकी घेऊन महजुबीच्याच दारात येतो.