नगरीवरचे प्रेम आणि तपशिलाची साक्ष

अक्कलकोट तालुक्यातील दुधनी हे आमचे गाव. सोलापूरहून कलबुर्गीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, महाराष्ट्राची हद्द संपता संपता ते लागते. गावाला नगरपरिषद आहे, तुरीची नावाजलेली बाजारपेठ आहे. तरी 'शहर' हा शब्द आम्ही उच्चारतो तेव्हा सोलापूर डोळ्यांसमोर येते आणि 'मोठे शहर' म्हटले की मुंबई. या दोन्ही शहरांची पहिली ओळख आम्हांला सुटीत गावी येणाऱ्या आप्तांनी करून दिली. राजाबाई टॉवर किती उंच आहे, हे त्यांच्यापैकी कोणी सांगितल्याचे आठवत नाही. चाळीतल्या नळाला पहाटे किती वाजता पाणी येते, लोकलच्या कोणत्या डब्यात चढले म्हणजे उतरल्यावर पुलाचा जिना समोर येतो, इराण्याच्या दुकानात पाव चहात किती वेळ बुडवावा, अशा गोष्टी ते सांगत. सांगण्याचा सूर तक्रारीचा असे. पण चेहरा मात्र उजळलेला असे. शहराने त्यांना छळले होते आणि त्याच शहरावर त्यांचा जीव जडला होता, हे आम्हांला फार उशिरा उमगले.

माणसाचा जीव एखाद्या नगरीवर जडतो तो कशामुळे, आणि त्या प्रेमाचा प्रत्यय वाङ्मयात कशातून येतो, हा प्रश्न या लेखात आम्ही हाती घेत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे, की नगरप्रेमाची खरी साक्ष रोजच्या क्षुल्लक तपशिलांत असते; परंतु तो तपशील कोणाच्या जिण्याचा आहे, हे पाहिल्याशिवाय त्याची किंमत ठरत नाही. मुंबईविषयीच्या तीन ग्रंथांच्या आधारे हे म्हणणे आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

पहिला ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगावकर यांचे 'मुंबईचे वर्णन'. तो 1863 साली प्रसिद्ध झाला. गोविंद नारायण मूळचे गोव्याचे. 1815 साली मडगावी त्यांचा जन्म झाला आणि 1824 साली, म्हणजे कोवळ्या वयातच, ते मुंबईत आले. पुढे शिक्षकाचा पेशा पत्करून त्यांनी आयुष्य याच नगरीत काढले. त्यांच्या ग्रंथात इतिहास आहे, राज्यकारभार आहे. पण वाचक गुंततो तो त्यातील रस्ते, बाजार, गाड्याघोडे, देवळे, जत्रा, निरनिराळ्या लोकांचे पेहराव आणि धंदे यांत. परगावच्या पाहुण्याला हाताशी धरून यजमानाने शहरभर फिरवावे, अशी त्या लेखनाची चाल आहे.

ग्रंथाचा काळ लक्षात घेतला म्हणजे त्याचे मोल अधिक कळते. याच सुमारास मुंबईच्या किल्ल्याचे तट पाडण्याचे काम चालू होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि जुने शहर झपाट्याने बदलत होते. ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी बोरघाटातील लोहमार्ग खुला झाला. तीन वर्षांपूर्वी, 1860 सालीच, आगगाडी सोलापुरास पोचली होती. घाटाचे काम पुरे होताच सोलापूर आणि मुंबई ही शहरे रुळांनी सलग जोडली गेली. 1865 साली कापसाचा फुगा फुटला, आणि त्याच वर्षी गोविंद नारायण निवर्तले. एक नगरी मावळत असताना आणि दुसरी उगवत असताना, दोहोंच्या सीमेवर उभे राहून त्यांनी ही नोंद केली. मोठ्या घटनांची दप्तरे सरकार ठेवतेच. परंतु रस्त्यावर कोणता माल कोण विकत होता, हे त्या वेळी लिहिले नाही तर पुढे कोणालाच सांगता येत नाही. 2008 साली मुरली रंगनाथन यांनी या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तो उगाच नव्हे.

येथे एक गोष्ट आमच्या वाचकांना विशेष जवळची वाटेल. गोविंद नारायण ज्या वाटेने मुंबईत आले, त्या वाटेने पुढे हजारो गोवेकर ख्रिस्ती माणसे आली. धोबीतलाव, गिरगाव, माझगाव या भागांत त्यांनी गावोगावचे 'कूड' स्थापन केले. एका गावच्या माणसांनी वर्गणी काढून जागा घ्यायची, भिंतीलगत प्रत्येकाची पेटी ठेवायची, एका बाजूला वेदी मांडायची आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून रोझरी म्हणायची, असा तेथला क्रम. बोटीवर नोकरी करणारा माणूस महिनोन् महिने समुद्रावर असे. परतला की ती पेटी हेच त्याचे मुंबईतले घर. बाहेरून आलेला माणूस नगरीला आपलीशी करतो ती अशी, एका पेटीपुरत्या जागेपासून. जन्मजात नागरिकाला जे दिसेनासे होते ते या आगंतुकाच्या नजरेत भरते. आम्ही ज्या तीन लेखकांचा विचार करीत आहोत, त्यांतील पहिला मडगावहून आलेला आणि तिसरा कोल्हापूरहून, हा आम्हांस निव्वळ योगायोग वाटत नाही.

तथापि, गोविंद नारायणांच्या ग्रंथाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ते शिक्षक होते आणि इंग्रजी राजवटीने आणलेल्या सुधारणांचे त्यांना मनापासून कौतुक होते. त्यामुळे त्यांची नगरी बरीचशी प्रदर्शनासारखी दिसते. हमाल, पाणक्या, गाडीवान हे सारे तेथे आहेत. पण आपापल्या जातीचे आणि धंद्याचे नमुने म्हणून. पाठीवर पोते घेतलेल्या हमालाला ही नगरी कशी दिसत असेल, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही.

तो प्रश्न शंभर वर्षांनी नारायण सुर्वे यांनी उभा केला. सुर्वे यांना जन्मदात्यांचे नावही ठाऊक नव्हते. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने त्या अनाथ मुलाला घरी आणून वाढवले आणि आपले नाव दिले. पुढे त्यांनी गिरणीत काम केले, महानगरपालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी केली आणि नंतर शिक्षक झाले. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह 1962 सालचा. 'माझे विद्यापीठ' 1966 सालचा. या दुसऱ्या संग्रहाच्या नावातच त्यांची सारी भूमिका आली. रस्ता, चाळ, कारखाना, मोर्चा हीच त्यांची शाळा, आणि तेथे भेटलेली माणसे हेच गुरुजन.

सुर्व्यांच्या कवितेत तपशील शोभेसाठी येत नाही. महिन्याचा हिशेब, भाकरीची विवंचना, पाळीवरून परतणारी माणसे, मुलाला शाळेत घालण्याची धडपड, हे सारे तेथे जगण्याचे भांडवल म्हणून येते. नगरीवर त्यांचे प्रेम आहे काय? आमचे उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. मात्र ते प्रेम हक्काचे आहे. ज्या नगरीने आपल्याला रस्त्यावर टाकले आणि तिच्याच एका गरीब कामगाराने उचलून घेतले, तिच्याशी कवी भांडतो आणि तिचाच होऊन राहतो. 18 जानेवारी 1982 रोजी मुंबईतील गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर ते गिरणगाव पाहता पाहता मोडले. आज त्या जागी मॉल आणि उंच मनोरे उभे आहेत. तेथे राहणारी माणसे कशी बोलत, कशावर हसत आणि कशासाठी भांडत, हे ज्यांना जाणून घ्यायचे आहे त्यांना सुर्व्यांकडेच जावे लागेल.

तिसरा ग्रंथ अरुण कोलटकर यांचा. कोलटकर यांचा जन्म 1931 साली कोल्हापुरात झाला. ते मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषांत लिहीत. 2004 साली, त्यांच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झालेला 'काळा घोडा पोएम्स' हा संग्रह इंग्रजीत आहे. काळा घोडा चौकातील 'वेसाइड इन' या उपाहारगृहात खिडकीशी बसून त्यांनी वर्षानुवर्षे समोरचा रस्ता पाहिला. संग्रहातील मंडळी कोण? झाडू मारणारी बाई, भटका कुत्रा, कावळा, उंदरांचे विष विकणारा माणूस, टाकून दिलेला सायकलचा टायर. नाश्त्याच्या वेळी एक बाई इडल्या घेऊन येते, बेघर माणसे तिच्याभोवती जमतात, खातात, आणि थोड्या वेळाने तो चौक पुन्हा पूर्ववत होतो. एवढाच प्रसंग, पण कवीने त्याला एखाद्या महाभोजनाची प्रतिष्ठा दिली आहे.

ज्या घोड्यावरून या चौकाला नाव पडले, तो राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा 1965 साली तेथून हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला. 2017 साली चौकात स्वाराविना नवा घोडा बसवला गेला. मधली पन्नासहून अधिक वर्षे घोडा नव्हता, तरी चौक काळा घोडाच राहिला. ते उपाहारगृहही आता उरलेले नाही. नाव आणि आठवण राखण्याचे काम पुतळ्यांहून लोकांच्या रोजच्या बोलण्याने अधिक केले, हे येथे ध्यानात येते.

यावर कोणी असा आक्षेप घेईल, की मग तपशिलांची जंत्री केली की झाले काय? आजकाल शहरांविषयी जे लेखन होते, त्यातले पुष्कळसे अशाच जंत्रीचे असते. अमक्या गल्लीतली मिसळ, तमक्या चौकातले सरबत, आमच्या लहानपणीचा टांगा, आणि शेवटी 'ते दिवस गेले' म्हणून एक सुस्कारा. असे लेखन गोड असते. परंतु त्यात शहरापेक्षा लेखकाचे बालपणच अधिक असते. आम्ही अशा लेखनाला दोन प्रश्न विचारतो. ही मिसळ कोण रांधत होते आणि रात्री ते कोठे झोपत होते? आणि या गल्लीत यायला कोणाला मज्जाव होता? या प्रश्नांना जो लेखक सामोरा जातो त्याचा तपशील टिकतो. जो ते टाळतो त्याचा तपशील चवीपुरता राहतो. सुर्वे आणि कोलटकर या कसोटीस उतरतात. गोविंद नारायण अर्धेमुर्धे उतरतात, पण त्यांनी पहिली वाट पाडली हे विसरून चालणार नाही.

आता पुन्हा आमच्या मुलखाकडे. सोलापूरची ओळख करून देताना बहुधा दोनच गोष्टी सांगितल्या जातात: चादर आणि 1930 सालचा मार्शल लॉ. दोन्ही अभिमानाच्याच. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे चौघे 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले. त्या नावांची यादीच या शहराची वीण सांगते. पण जीव जडतो तो आणखी खालच्या थरावर. 1877 साली सुरू झालेल्या कापडगिरणीला लोक 'जुनी मिल' म्हणू लागले, आणि ती बंद पडून इमारती गेल्यावरही तो भाग जुनी मिल म्हणूनच ओळखला जातो. पूर्व भागात मागाचा खडखडाट तेलुगू बोलण्यात मिसळतो, बाजारात कन्नड आणि उर्दू कानी पडते, आणि भांडण मात्र मराठीत मिटते. कडक भाकरी, शेंगांची चटणी, संक्रांतीच्या गड्ड्यातली धूळ, सिद्धेश्वराच्या तळ्याकाठची संध्याकाळ यांवर लिहिणारे लिहितात. पण भाकऱ्या थापून घर चालवणाऱ्या बाईच्या आणि मागावर उभ्या असलेल्या विणकराच्या नजरेतून दिसणारे सोलापूर अजून पुरते कागदावर यायचे आहे.

आणि दुधनी? आमच्या तालुक्याचे नाव मोठ्या कागदांवर आले ते वादाच्या निमित्ताने. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाने 1967 साली अहवाल दिला आणि अक्कलकोट तालुका त्या वेळच्या म्हैसूर राज्याला द्यावा, अशी शिफारस केली. महाराष्ट्राने अहवाल नाकारला आणि तालुका होता तेथेच राहिला. त्या वादात आम्ही होतो ते भाषेच्या रकान्यातील आकडे म्हणून. त्या रकान्यात हे मावले नाही, की येथे एकाच घरात अंबाडीला सासू पुंडी म्हणते आणि सून अंबाडी. की बाजारात तुरीला शेतकरी तोगरी म्हणतो, आडत्या तूर लिहितो आणि हमालाला दोन्ही शब्दांचे वजन सारखेच लागते. की पट्टी मराठीत फाडली जाते आणि तिच्यावरची घासाघीस कन्नडमध्ये होते. 1871 साली रायचूरपर्यंत पोचलेला लोहमार्ग आमच्या वेशीवरून गेला, तेव्हापासून येथला माणूस दोन्ही दिशांना नात्यागोत्यांनी बांधलेला आहे. आयोगाने गाव मोजले. त्यावर प्रेम करणाऱ्याने ते अजून लिहायचे आहे.

आमच्या वाचकांत मुंबई, पुणे, वसई, सोलापूर येथे स्थिरावलेली कुटुंबे पुष्कळ आहेत. आपल्या बाप्तिस्म्याच्या, विवाहाच्या आणि मृत्यूच्या तारखा धर्मग्रामाच्या वहीत सुरक्षित आहेत. परंतु त्या तारखांच्या मधले जे आयुष्य, ते कोणत्याही वहीत नाही. आजी कोणत्या गाडीने शहरात आली, पहिली खोली किती भाड्याने मिळाली, शेजारणीने पहिल्या दिवशी वाटीभर काय आणून दिले, आणि कोणत्या दारातून आपल्याला परत फिरावे लागले, हे सांगणारी माणसे घराघरांत अजून आहेत. त्यांच्याजवळ बसून हे लिहून घ्यावे. भाषा साधी असली तरी चालेल. नावे आणि भाव मात्र बरोबर असावेत. गोविंद नारायणांनी एवढेच केले होते.