दहा फुटांची खोली सात फुटांची कशी झाली?

तत्त्वज्ञानाच्या माणसाला संगणकावरच्या आराखड्यांतलं काय कळतं, असं मागच्या रांगेत कुणी कुजबुजलं असेल तर ते रास्त आहे. आमच्या सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा झाली नसती तर आम्हीही या वाटेला गेलो नसतो.

झालं असं, की नव्या इमारतीचा आराखडा व्हॉट्सॲपवर आला. जेपीजी चित्र. खाली स्वच्छ लिहिलेलं: प्रमाण १:१००. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी तो कोपऱ्यावरच्या दुकानात ए-फोर कागदावर छापून घेतला, पट्टी लावली, सेंटिमीटरला मीटर धरून फूट काढले आणि सभेत उभ्या राहिल्या. दहा फुटांची खोली सात फुटांची कशी झाली? तासभर भांडण झालं. बिल्डर चोर, समिती चोर, सगळेच चोर. मूळ कागद ए-थ्री होता हे फार उशिरा कळलं. ए-थ्रीचा ए-फोर केला की प्रत्येक लांबीला १.४१४ ने भागलं जातं. दहाला भागून पाहा.

म्हणजे खोटं कोण बोललं? पट्टी नाही, वहिनी तर नाहीतच. ‘प्रमाण १:१००’ हे चित्र नव्हे, ते वाक्य आहे, आणि ते एका विशिष्ट कागदाबद्दलच खरं आहे. चित्र आकसलं तरी वाक्य आकसत नाही. त्याऐवजी आराखड्यातच मीटरच्या खुणांची मोजपट्टी काढलेली असती, तर ती चित्राबरोबर आकसली असती आणि खरी राहिली असती. एवढी साधी गोष्ट, पण चित्र पाठवणाऱ्याला ती सुचत नाही, कारण त्याच्या पडद्यावर आराखड्याला आकारच नसतो.

हे जरा नीट पाहू. कॅडमधली रेघ म्हणजे दोन टोकांचे अंक आणि ‘यांना जोडा’ अशी आज्ञा. कितीही जवळ जा, रेघ रेघच राहते. तिचं जेपीजी किंवा पीएनजी केलं की आज्ञा संपते आणि ठिपके उरतात. किती ठिपके, हे निर्यात करतानाच ठरतं. समजा, १:१०० चा ए-वन आराखडा, ८४१ मिलिमीटर रुंद, आपण १६०० ठिपक्यांत बसवला. एका ठिपक्याला कागदावर अर्धा मिलिमीटर येतो, म्हणजे प्रत्यक्ष इमारतीत पाच सेंटिमीटर. साडेचार इंची भिंत दोन ठिपक्यांची झाली! पुढे ती कितीही मोठी करून बघा, तिसरा ठिपका येणार नाही.

त्यात जेपीजी ही पद्धत मुळात छायाचित्रांसाठी केलेली. ती चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन करते आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक चढउतार टाकून देते. आभाळाच्या फोटोला ते चालतं. आराखड्यात मात्र बारीक आणि तीव्र तेवढंच कामाचं असतं. अंकांभोवती धुरकट किटण चढतं आणि ६ की ८ कळेना होतं. पीएनजी असं काही टाकत नाही, म्हणून रेघांच्या कामाला तेच बरं. पीडीएफ आणखी बरं, कारण त्यात रेघ रेघ म्हणून राहू शकते.

आता आमच्या प्रांतात येतो. नेल्सन गुडमनने १९६८ च्या ‘लँग्वेजेस ऑफ आर्ट’मध्ये वास्तूच्या नकाशाचा विचार केला आहे. नकाशा दिसतो चित्रासारखा, पण त्यात लिहिलेली मापं असतात म्हणून तो संगीताच्या स्वरलिपीच्या जवळ जातो, असं त्याचं म्हणणं. आराखड्यांवर ‘मोजू नका, लिहिलेलं माप धरा’ अशी सूचना असते, ती याच समजुतीवर उभी आहे. आम्ही वर्षानुवर्षं हे वर्गात शिकवलं. आज वाटतं, त्यात एक गृहीतक लपलं आहे: लिहिलेला अंक एक तर वाचता येतो, नाहीतर येत नाही.

२०१३ साली डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकशास्त्रज्ञाने दाखवलेला प्रकार आठवा. हा निर्यातीचा नव्हे, स्कॅनिंगचा प्रकार, पण आराखडाच होता. झेरॉक्सच्या यंत्रातून एका घराचा नकाशा स्कॅन केला. खोल्यांची क्षेत्रफळं होती १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर. बाहेर आलेल्या प्रतीत तिन्ही खोल्या १४.१३! जागा वाचवण्यासाठी यंत्र सारख्या दिसणाऱ्या तुकड्यांपैकी एकच ठेवून तोच सगळीकडे डकवत होतं. कंपनीने पुढे दुरुस्ती काढली, तो भाग वेगळा.

न्यायदर्शनात संशय आणि विपर्यय असे दोन निराळे दोष मानले आहेत. जेपीजीचा धुरकटपणा संशय देतो. माणूस चष्मा पुसतो, फोन करून विचारतो. इथे मात्र अंक ठसठशीत, सुवाच्य आणि चुकीचा. हा विपर्यय. दोरीचा साप, तोही लख्ख उजेडात.

तरी चित्राची बाजू आहे, बरं का. मूळ फाइल उघडायला प्रोग्रॅम लागतो, त्यातला फाँट आपल्याकडे नसला की मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. वहिनींच्या फोनवर उघडलं ते चित्रच. ते आलं नसतं तर त्यांना प्रश्नही पडला नसता, आणि समितीने ‘सगळं नियमानुसार आहे’ म्हणून सभा उरकली असती.

आम्ही नंतर त्या कचेरीकडे पीडीएफ मागितलं, मोजपट्टीसह आणि प्रत्येक खोलीचं माप आत लिहून. आठ दिवसांनी आलं. वहिनींनी पट्टी लावली. दहा फूट. मग त्यांनी स्वयंपाकघर मोजायला घेतलं.